रिकामा वेळ, ताई आणि इनस्क्रिप्ट: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी घरच्या डेस्कटॉपवर मराठीसाठी कुठला कीबोर्ड लेआउट (म्हणजे कुठल्या कीवर कुठलं अक्षर) घ्यावा यावर लिहिलं होतं आणि माझं मत इनस्क्रिप्टच्या, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी सरकारने ठरवलेल्या लेआउटच्या, बाजूने दिलं होतं. त्यावर एक प्रतिक्रिया आलीय. खाली चार ओळीत उत्तर द्यायला बसले आणि ते वाढतच गेलं, म्हणून इथे वेगळं टाकतेय. प्रतिक्रिया जशीच्या तशी:

"ताई, लेख बरा आहे पण आजच्या काळात इनस्क्रिप्ट शिका म्हणजे कमाल आहे. ज्यांना दिवसभर काही काम नाही त्यांचे हे उद्योग. बाकी जग इंग्रजी अक्षरात टाइप करतं आणि मराठी मिळतं. सरकारी लेआउट आहे म्हणजे कळलंच. परीक्षेला रेमिंग्टन लागतो, घरात एकच कॉम्प्युटर असतो, आता तर नुसतं बोललं तरी टाइप होतं. दुसर्यांना शिकवण्याआधी जरा बाहेर बघा. स्टिकरचा फोटो पण काळाकुट्ट."

आधी जे मान्य आहे ते मान्य करते म्हणजे मी ऐकूनच घेत नाही असं व्हायला नको. माझ्या कीबोर्डवर चिकटवलेल्या मराठी अक्षरांच्या स्टिकरचा फोटो खरंच काळा आलाय, ट्यूबलाइटखाली काढलेला. दुसरं तुम्ही म्हणाला नाहीत पण मीच सांगते, बऱ्याच ठिकाणच्या इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि १ दाबलं की हिंदी वळणाचा ऍ येतो, आपला मराठी ॲ येत नाही, आणि ॲसिडिटी लिहायची तर अ टाइप करून त्याच्यावर चंद्र चढवावा लागतो. कटकट आहे. झालं मान्य करून.

आता त्या वाक्याकडे येते. "ज्यांना दिवसभर काही काम नाही." दादा (तुम्ही ताई म्हणालात तर मीही दादा म्हणते), हे तुम्हाला कुणी सांगितलं? लेखात मी कुठे लिहिलं होतं की मी दिवसभर मोकळी असते? बाई ब्लॉग लिहिते म्हणजे घरात बसून असणार, घरात बसून असते म्हणजे रिकामी असणार, हा हिशोब तुम्ही एका ओळीत करून टाकलात आणि वर "ताई" लावलंत म्हणजे ते गोड होतं असं तुम्हाला वाटत असेल तर तसं होत नाही. हेच एखाद्या पुरुषाने लिहिलं असतं तर तुम्ही "सर, माहितीपूर्ण" असं टाकून गेला असता, पैजेवर सांगते.

सांगलीत गणपती पेठेजवळ एका डीटीपीच्या दुकानात मी टायपिंग करायचे. लग्नपत्रिका, कुस्त्यांच्या मैदानाची हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल, दशक्रियेची कार्डं. लग्नसराईत रात्री दुकान बंद व्हायची वेळ ठरलेली नसायची, मुलीकडचे येऊन आजोबांच्या नावापुढे "कै." राहिलं म्हणून उभे, मुलाकडचे येऊन मामांचं नाव वर घ्या म्हणून उभे, आणि मागे ऑफसेटवाला प्लेट कधी देताय म्हणून ओरडतोय. तिथे मी जो कीबोर्ड वापरला तो रेमिंग्टन होता, श्री-लिपी या सॉफ्टवेअरच्या फॉन्टवर. म्हणजे तुम्ही ज्या रेमिंग्टनचं नाव मला शिकवायला काढलंत ना, तो माझ्या बोटात होता आणि अजूनही थोडा आहे. मला इनस्क्रिप्ट येतो आणि बाकी काही माहीत नाही म्हणून मी त्याची भलामण करतेय असं नाहीये. रेमिंग्टन सोडून तिकडे गेलेली आहे मी, आणि हाताला लागलेली सवय मोडणं किती जिवावर येतं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत.

का सोडला ते सांगते, कारण "बाहेर बघा" म्हणालात म्हणून. रेमिंग्टन मुळात टाइपरायटरचा. टाइपरायटरला भाषा कळत नाही, कागदावर आकार उमटवणं एवढंच त्याचं काम. म्हणून तिथे "कि" लिहायचं तर आधी वेलांटी आणि मग क, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. "अर्क" लिहायचं तर क टाइप करून झाल्यावर रफार. अर्धे स वेगळे, अर्धे त वेगळे. आणि त्या जुन्या फॉन्टमधली फाइल म्हणजे आत सगळी इंग्रजी चिन्हंच, फॉन्टने वरून मराठीचा अंगरखा घातलेला. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की नुसती अगम्य अक्षरं. एका दिवाळी अंकाचा (नाव घेत नाही) अख्खा मजकूर मी तसा करून दिला होता. पुढे त्यांना तो वेबसाइटवर टाकायचा झाला तेव्हा कन्व्हर्टरमधून काढला, तर ऱ्हस्व वेलांट्या एक अक्षर इकडे तिकडे सरकलेल्या, रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर. दुरुस्त करायला परत मलाच बसवलं आणि पैसे मात्र "तुमचीच फाइल आहे ना" म्हणून दिले नाहीत. त्यानंतर ठरवलं की आता जे शिकायचं ते युनिकोडवर (म्हणजे कुठल्याही मशीनवर उघडलं तरी मराठी मराठीच दिसेल असं) आणि जसं बोलतो त्याच क्रमाने टाइप होणारं. आधी क, मग वेलांटी. आधी र, मग पाय मोडायचा, मग क. इनस्क्रिप्ट तसाच चालतो.

"सरकारी आहे म्हणजे कळलंच." काय कळलं? केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो १९८६ मध्ये ठरवला, १९८८ मध्ये सुधारला आणि १९९१ मध्ये आयएस १३१९४ या भारतीय मानकात घेतला. त्यात डोकं वापरलेलं आहे. स्वर जवळजवळ सगळे डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला (म, न, व तेवढे खालच्या ओळीत डावीकडे घुसलेत). क आणि ख एकाच कीवर, शिफ्ट दाबलं की ख. त्याच्या वरच ग आणि घ. त थ, त्याच्या वर द ध. प फ, त्याच्या वर ब भ. म्हणजे पहिलीतली बाराखडी ज्याला येते त्याला अर्धा कीबोर्ड आलेलाच असतो. "पोहे" टाइप करून बघा: एच, ए, यू, एस. उजवा डावा उजवा डावा. (इंग्रजीत वाचलं तर "हौस" होतं, हे माझ्या लेकीने शोधलं.) "लाडू" पण तसंच, एन, ई, मग पी च्या शेजारचा चौकटी कंस, मग टी. हात आलटून पालटून पडत राहतात आणि एकदा लय लागली की कीबोर्डकडे बघावंच लागत नाही.

आणि हे मराठीपुरतंच नाहीये. माझं सासर बेळगावकडचं, घरात कन्नडही चालतं. सासऱ्यांची पत्रं कन्नडात टाइप करायची वेळ आली तेव्हा मला नवीन काही शिकावं लागलं नाही, कारण क जिथे मराठीत तिथेच कन्नडात, प जिथे तिथेच. मराठीत जिचा उपयोग पडत नाही ती झेडची की कन्नडातल्या ऱ्हस्व ए-काराला लागते, असं थोडंफार बोटाला सांगावं लागलं. तुमच्या "बाकी जगा"त ही सोय आहे का?

आता "इंग्रजी अक्षरात टाइप केलं की मराठी मिळतं." शुद्धलेखनावर बोट ठेवणं माझा स्वभाव नाही, खरंच नाही, पण मलाच शिकवायला निघालेल्या वाक्यात तुम्ही "दुसर्यांना" लिहिलंय. दुसऱ्यांना. तुम्हाला ते येत नाही असं मी म्हणत नाहीये, तुम्ही हाताने लिहिलं असतं तर बरोबरच लिहिलं असतं. पण तुमच्या टूलला आर वाय ए दिला की ते त्याला वाटेल तो र्य देतं आणि तुम्ही पुढे जाता. "आचाऱ्यांना पाच हजार दिले" ऐवजी "आचार्यांना पाच हजार दिले" झालं की लग्नाच्या हिशोबात स्वयंपाक्याचे पैसे गुरुजींच्या नावावर. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे, डी, आणि तिरकी रेघ. ऱ, हलन्त, य. तिथे अंदाजाचा प्रश्नच येत नाही, जे दाबलं तेच उमटतं.

फोनेटिकमध्येही (इंग्रजी अक्षरात टाइप करून मराठी मिळवायची ही पद्धत) दोन जाती आहेत हे तुम्ही एका वाक्यात गुंडाळलंत. एक गमभन या टायपिंगच्या टूलसारखी, जिथे ण ला कॅपिटल एन, ळ ला कॅपिटल एल असे नियम पक्के. तिथे मला तक्रार नाही, मराठी संकेतस्थळांवर कितीतरी लोक त्याच्यावर भराभर लिहितात. पण मग तेही पाठच केलेलं असतं ना? मग माझ्या पाठ करण्याला रिकामा वेळ आणि तुमच्या पाठ करण्याला काय, कार्यक्षमता? दुसरी जात म्हणजे खाली शब्दांची यादी दाखवणारी. "शाळा"ला "शाला", "पाणी"ला "पानी", मग यादीतून निवडा, मग एन्टर. प्रत्येक शब्दाला नजर खाली. दोन ओळींच्या मेसेजला चालतं, फोनवर मीही तेच करते. डेस्कटॉपवर बसून दहा पानं लिहायची तर मान मोडते. आणि ही टूलं आपल्या मालकीची नसतात. एका मोठ्या कंपनीचं ऑफलाइन टूल अर्ध्या महाराष्ट्राने इन्स्टॉल केलं होतं, त्यांनी ते काढून घेतलं आणि लोक महिनोन्महिने जुना सेटअप पेनड्राइव्हवरून एकमेकांना देत बसले. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक आता आतच येतो, पण तो २०१९ मध्ये आला. इनस्क्रिप्ट एक्सपीच्या काळातही होता, तेव्हा फक्त इंडिक सपोर्टसाठी (म्हणजे भारतीय लिप्या चालू करायला) सीडी घालायला लागायची, आणि लिनक्सवाल्यांनाही बाहेरून काही आणावं लागत नाही.

वेळेचं बोलायचं तर, क्वेर्टी (नेहमीचा इंग्रजी लेआउट) तरी कोण आईच्या पोटातून शिकून येतं? ए च्या शेजारी एस का आहे हे तुम्ही कधी विचारलं नाही, बोटं बसली म्हणून बसली. ऑगस्ट ड्व्होराकने १९३६ मध्ये त्याहून बऱ्या लेआउटचं पेटंट घेतलं, तरी जग हललं नाही, कारण सवय. तुमचाही मुद्दा सवयीचाच आहे, फक्त तो सांगताना मला रिकामटेकडी ठरवायची गरज नव्हती.

बाकीचं पटकन. परीक्षेला ज्यांना रेमिंग्टन लागतो त्यांनी रेमिंग्टनच शिकावा, क्लार्क-टायपिस्टला मराठी ३० शब्द मिनिटाला लागतात, ते ज्या लेआउटवर होणार असतील तो घ्यावा, माझा लेख घरच्या कॉम्प्युटरवर होता, शीर्षकातच होतं. घरात एकच कॉम्प्युटर: विंडोजची की आणि स्पेसबार, लेआउट बदलतो, माझी लेक इंग्रजीवर बसते आणि उठताना परत लावून जाते (जात नाही, पण तो वेगळा विषय). बोलून टाइप करणं: करा की, कोण अडवतंय, आमच्याकडे हॉलमध्ये टीव्ही चालू असतो आणि बातम्यांमधली वाक्यं मध्येच माझ्या लेखात आलेली मला नकोत.

यापुढे लेआउटवर काही म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, उत्तर देईन. माझ्या दिवसभरावर काही म्हणायचं असेल तर ती प्रतिक्रिया मी छापणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.

आणि नवीन फोटो लावलाय, खिडकीत उजेडात काढून. स्टिकर थोडे झिजलेत, कारण मी ते वापरते. नवीन घेणाऱ्यांनी स्टिकरच्या भानगडीत न पडता देवनागरी छापलेला कीबोर्ड मिळाला तर तोच घ्यावा, टीव्हीएसचा चॅम्प तसा येतो. फोटोत पी च्या शेजारच्या कीवरचा ड नीट वाचता येतोय का तेवढं कुणीतरी सांगा, माझ्या फोनवर तो इ सारखा दिसतोय.