सगळे भाग निर्दोष

चालत्या यंत्राला हात लावू नये, हे आमच्या आईचे मत मिक्सरपासून मोटारीपर्यंत सर्वांना सारखेच लागू असते. परंतु चिरंजीवांच्या मते आमचा संगणक चालत नव्हता, जेमतेम रखडत होता. रायझन ५ ५६००जी हा जुना प्रोसेसर काढून त्याच मदरबोर्डवर (सारे भाग जोडणाऱ्या मूळ पाटीवर) रायझन ७ ५७००एक्स३डी बसवला की आठ कोअर (एकाच वेळी राबणारे आठ मेंदूच) आणि ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या हाताशी असलेली झटपट स्मृती) मिळते, हे गणित त्याने मला अशा काही तळमळीने समजावले, की प्रोसेसर न बदलणे हीच उधळपट्टी वाटू लागली. जुन्या प्रोसेसरच्या पोटात पडद्यावर चित्र उमटवणारे स्वतःचे ग्राफिक्स असते आणि नव्याच्या पोटात ते मुळीच नसते, हा तपशील गणितात ओझरता येऊन गेला. ‘बाबा, ग्राफिक्स कार्ड आहे ना आपल्याकडे!’ होतेच. कॅबिनेटच्या काचेतून शोभून दिसावे म्हणून एका रायझर केबलच्या (कार्ड मदरबोर्डला दुरून जोडणाऱ्या पट्टीच्या) आधाराने ते मोठ्या दिमाखात उभे केलेले होते.

बदलाचे काम अगदी शास्त्रोक्त झाले. बायॉस (संगणक सुरू करणारा मदरबोर्डमधला मूळ प्रोग्रॅम) आधीच अद्ययावत केले होते. कूलर सरळ वर ओढला तर वाळक्या थर्मल पेस्टला (उष्णता कूलरकडे पोचवणाऱ्या लेपाला) चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, म्हणून संगणक थोडा तापवून, बंद करून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळत सोडवला. नव्या प्रोसेसरखालच्या १३३१ सोनेरी पिना भिंगातून न्याहाळल्या, कोपऱ्यातला त्रिकोण त्रिकोणाशी जुळवला, पेस्ट लावली आणि बटण दाबले. पंखे फिरले, रॅमचे रंगीत दिवे नाचले आणि पडदा काळा तो काळाच राहिला. मदरबोर्डच्या कडेला ‘व्हीजीए’ या अक्षरांशेजारचा बारीक दिवा तेवढा लागून राहिला होता. याचा अर्थ, घरातल्या प्रत्येकाला दिसणारे ते धिप्पाड कार्ड एकट्या मदरबोर्डला दिसत नव्हते.

अशा प्रसंगी सल्ल्यांना तोटा नसतो. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, ‘अहो, रॅम काढा आणि खोडरबराने घासा.’ या देशात संगणकाच्या कोणत्याही आजारावर पहिला उपचार खोडरबराचाच असतो. आम्हीही तो केला. मग त्यांच्याच सूचनेवरून बायॉसच्या नोंदी जपणारी सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी काढून, थोडे थांबून, परत बसवली. स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर कार्डाचे भागत नाही, म्हणून आठ पिनांची वीजजोडणी पुन्हापुन्हा दाबून पाहिली. शेवटी जुना प्रोसेसर परत घातला, तर संगणक काही घडलेच नाही अशा थाटात सुरू झाला.

गुन्हेगार सापडल्याच्या आनंदात मी नवा प्रोसेसर रिकाम्या डब्यात ठेवून ठाण्याहून दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात नेला. लोकलच्या गर्दीत १३३१ पिना सरळ ठेवायच्या तर स्टीलच्या डब्याइतके भरवशाचे दुसरे काही नाही. दुकानदाराने तो आपल्या टेबलावरच्या मदरबोर्डात बसवला आणि क्षणात चित्र दाखवले. कार्ड मेहुण्याच्या संगणकात लावले, तेथेही ते आज्ञाधारकपणे चालले. प्रत्येक आरोपी स्वतंत्रपणे निर्दोष ठरत होता आणि एकत्र आले की गुन्हा घडत होता.

उलगडा झाला तो चिरंजीवांनी वैतागून रायझर केबलसकट ते शोभेचे स्टँडच काढून टाकले आणि कार्ड थेट मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये दाबले तेव्हा. पडदा उजळला. नवा प्रोसेसर बसवलेला दिसतो, एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षा-किल्ल्यांची तिजोरी) रीसेट करायचे का, वाय की एन, असा प्रश्न त्यावर अदबीने उभा होता. चित्र मिळाल्याशिवाय ज्याचे उत्तर देता येत नाही असा प्रश्न विचारणारी यंत्रणा कोणाला सुचली असेल, हे मला अजून उमगलेले नाही.

मग केबल उलटीपालटी करून पाहिली. तिच्या काळ्या पट्टीवर फिकट अक्षरांत ‘पीसीआयई ३.०’ असे, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या जोडणीची तिसरी पिढी, असे छापलेले होते. ५६००जी तिसऱ्या पिढीच्याच वेगाने बोलणारा असल्यामुळे तिचे इतके दिवस निभावले होते. नवा प्रोसेसर चौथ्या पिढीचा, कार्डही चौथ्या पिढीचे आणि बायॉसमध्ये वेगाची निवड ‘ऑटो’. दोघांनीही प्रत्येक लेनमागे (जोडणीतल्या एकेका मार्गिकेमागे) सेकंदाला ८ ऐवजी १६ गिगाट्रान्सफर असा दुप्पट वेग ठरवला; दोन्ही तीरांवर द्रुतगती मार्ग झाला होता, पण मधला पूल बैलगाडीच्या काळातला होता. वेग बायॉसमध्ये हाताने कमी करता येतो. मात्र बायॉस दिसायला चित्र हवे, चित्राला कार्ड हवे आणि केबलवरून कार्ड सापडायला आधी वेग कमी केलेला हवा. हे चक्र भेदण्यासाठी कार्ड थेट स्लॉटमध्ये असतानाच ‘जेन ३’, म्हणजे तिसरी पिढी, निवडले, बदल जतन केला आणि मग स्वारीला पुन्हा काचेआड उभे केले. खेळांच्या वेगात फरक पडल्याचे चिरंजीवांनाही जाणवले नाही, तरी चौथ्या पिढीची केबल घ्यायला हवी असे त्याचे म्हणणे आहेच.

तोवर एक पथ्य पाळावे लागते. बॅटरी काढली की बायॉस सारे विसरून पुन्हा ‘ऑटो’वर जाते आणि पडदा काळा होतो. म्हणून कॅबिनेटच्या आत ‘बॅटरी काढू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे, आणि सेक्रेटरी चहाला आले की मी संगणक आणि त्यांच्या मधल्या खुर्चीवर बसतो.