‘चांगलं पुस्तक आपोआप खपतं’ म्हणणाऱ्यांना

हिवाळ्यात साहित्य संमेलनाचे आणि पुस्तक महोत्सवांचे मंडप उभे राहायला लागले, की व्हॉट्सॲपवरच्या साहित्यिक गटांत एक मजकूर हमखास फिरतो. खाली कधी एका ज्येष्ठ लेखकाचं नाव असतं, कधी दुसऱ्याचं, बहुतेकदा कुणाचंच नसतं. शब्द बदलतात, म्हणणं तेच. पूर्वीचे लेखक लिहायचे आणि गप्प बसायचे. चांगलं पुस्तक आपला वाचक आपणच शोधतं. विकणं हे प्रकाशकाचं काम. आजचे लेखक मात्र फेसबुकवर फेरीवाल्यासारखे ओरडत सुटलेत. आणि एवढं ओरडून उपयोग काय, मराठी माणूस पुस्तक विकत घेतोच कुठे? शेवटी जोडलेले दोन हात आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही. एका छोट्या प्रकाशनाची विक्रीची बाजू मी सांभाळते, त्यामुळे या मजकुराचा त्रास मला इतरांपेक्षा जरा जास्त होतो. तो वाचून चांगले लेखक गप्प बसतात आणि ज्यांनी गप्प बसावं असं वाटतं ते बोलतच राहतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘पूर्वीचे लेखक लिहायचे आणि गप्प बसायचे.’

कोणते लेखक? जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला १८८३ साली. तो लिहून होत होता तसतसा त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. हे त्यांनी स्वतःच उपोद्घातात नोंदवून ठेवलंय. बडोद्याच्या सयाजीरावांनीही तो ऐकला. ‘दीनबंधू’ पत्राने पहिले दोन भाग छापले आणि पुढचे छापायचं थांबवलं. पण छापणारा थांबला तरी मजकूर थांबला नाही, कारण लेखक तो घेऊन आधीच शेतकऱ्यांपुढे जाऊन आला होता. आज एखाद्याने पुस्तक यायच्या आधी गावोगाव वाचनं ठेवली तर आपण म्हणू, काय हे मार्केटिंग!

हरिभाऊ आपट्यांनी तर १८९० मध्ये ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिकच काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातून क्रमशः दिली. पुस्तक बांधून हातात येण्याआधी यमूची गोष्ट घराघरांत पोहोचली होती. आपल्या वाचकापर्यंत दर आठवड्याला जाण्याची वाट लेखकाच्या स्वतःच्या ताब्यात होती, हे लक्षात घ्या. आजचा लेखक वाचकांना दर आठवड्याला ईमेल पाठवतो तेव्हा तो काही परकं खूळ करत नसतो.

कवींचं काय? १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ जमलं. यशवंत, गिरीश यांनी कविता म्हणून दाखवायला सुरुवात केली, त्यावर त्या काळीही नाकं मुरडली गेली, आणि तरीही लोकांना कविता पाठ झाल्या. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर तिघं मिळून गावोगाव काव्यवाचनं करत हिंडले. ‘बटाट्याची चाळ’ पुस्तकरूपाने आली १९५८ साली, आणि १९६१ पासून पुलं ती एकट्याने रंगमंचावर करू लागले. हे प्रयोग पुस्तक खपवण्यासाठी होते असं कुणी म्हणणार नाही, मीही नाही. पण प्रयोगाहून घरी गेलेल्या माणसाने नंतर काय विकत आणलं असेल, याचा अंदाज बांधायला फार अक्कल लागत नाही.

यातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मात्र डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचं. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढायचे, पाठीशी ना सरकार ना संस्थान. केतकरांनी मर्यादित कंपनी काढली, तिचे भाग (शेअर) विकले, खंड छापून व्हायच्या आधी वर्गणीदार गोळा केले. कोशाच्या खपासाठी जी वणवण झाली तिची हकीकतही त्यांनी छापली आणि त्या पुस्तकाला ‘माझे बारा वर्षांचे काम’ असं नाव दिलं. आजच्या भाषेत ज्याला प्री-ऑर्डर आणि क्राउडफंडिंग म्हणतात ते पुण्या-नागपुरात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलंय, आणि तेही कोशासारख्या, एका बैठकीत कुणी न वाचणाऱ्या ग्रंथासाठी. गप्प बसण्याची परंपरा नेमकी कुठली ते मला अजून सापडलेलं नाही.

‘चांगलं पुस्तक आपला वाचक आपणच शोधतं.’

इथे नेहमी बहिणाबाईंचं नाव घेतलं जातं. जळगावच्या शेतात ओव्या जुळवणारी निरक्षर बाई, ना जाहिरात ना प्रकाशन समारंभ, आणि आज घरोघरी! खरं आहे. पण मधले दोन टप्पे गाळून. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या, पुस्तक आलं १९५२ मध्ये. मधे होते त्यांचे चिरंजीव सोपानदेव, ज्यांनी ओव्यांची वही आचार्य अत्र्यांपुढे नेली. आणि मग स्वतः अत्रे, ज्यांनी प्रस्तावना लिहिली आणि बाईंच्या कवितेचा डंका पिटला. अत्र्यांइतका मोठा आवाज त्या काळच्या महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाचा होता? ‘आपोआप’ या शब्दाच्या पोटात दोन माणसांची धडपड आहे. ज्या लेखकाला सोपानदेव नाहीत आणि अत्रेही नाहीत, त्याने काय करायचं, हे तो मजकूर सांगत नाही.

तुकोबांची गाथा तरली हेही कुणीतरी लगेच पुढे करतं. वारकरी त्याचा जो अर्थ लावतात तो जास्त पटण्यासारखा आहे: वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या तोंडी होते. ते तोंडी कसे गेले? कीर्तनातून. लेखक स्वतः उभा राहून म्हणत होता.

शिवाय पुस्तक वाचक शोधतं म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते प्रदर्शनाच्या टेबलामागे उभं राहून बघावं. माणूस येतो, ढिगातलं एक पुस्तक उचलतो, लगेच उलटं करतो. मलपृष्ठ वाचायला तो फार तर दोन-तीन श्वास देतो. तिथे ‘मानवी मनाचे विविध कंगोरे हळुवारपणे उलगडणारा संवेदनशील लेखणीचा आविष्कार’ असं काहीतरी असतं. मग नजर किमतीवर. मग मधलं एखादं पान. मग पुस्तक खाली. त्याच पुस्तकात कदाचित नगरपालिकेच्या पंपहाउसवरच्या रात्रपाळीचं अप्रतिम प्रकरण असेल, पण मलपृष्ठाने ते त्याला सांगितलेलंच नाही. मलपृष्ठावरचा हा मजकूर, म्हणजे पाठराखण, लेखकाने लिहायला हवी होती, किंवा निदान भांडून बदलून घ्यायला. पहिली जाहिरात तीच, ती फुकट असते आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

‘विकणं हे प्रकाशकाचं काम.’

कागदावर, हो. आता दुसऱ्या कागदावर हिशोब मांडू, आकडे उदाहरणापुरते. पुस्तकाची किंमत ३०० रुपये. वितरक आणि दुकानदार मिळून ४५ टक्के कमिशन, म्हणजे १३५ गेले. उरले १६५. पाचशेची आवृत्ती, दोनशे पानं, छपाई-बांधणी प्रतीमागे ८५. उरले ८०. लेखकाचं मानधन छापील किमतीच्या दहा टक्के, म्हणजे ३०. उरले ५०. पाचशेच्या पाचशे प्रती विकल्या गेल्या आणि दुकानदारांनी पैसे वेळेवर दिले (इथे धंद्यातली माणसं हसतील), तर २५ हजार. त्यातून अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठाचा चित्रकार, गोदामाचं भाडं आणि माझा पगार. यातून वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची म्हटली तर चहाचेही पैसे उरणार नाहीत.

आणि प्रकाशकाकडे वर्षाला वीस-पंचवीस पुस्तकं असतात. लेखकाकडे एक. प्रकाशकाने आपली बाजू नीट करायलाच हवी: दुकानांत प्रती, ऑनलाइन नोंद, परीक्षणासाठी प्रती, वेळेवर हिशोब. ती होत नसेल तर लेखकाने खडसावून विचारावं, करारात लिहून घ्यावं. पण एक गोष्ट प्रकाशकाला मुळातच येत नाही. समजा, एसटीत तीस वर्षं वाहक म्हणून काढलेल्या माणसाने आठवणी लिहिल्या. आम्ही काय करू? पुण्यात आप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत दहा-दहा प्रती टाकू. लेखकाला मात्र ठाऊक असतं की डेपोत विश्रांतिगृह कुठे असतं, निवृत्तांचा मेळावा कधी भरतो, कर्मचाऱ्यांच्या पतपेढीची वार्षिक सभा कुठल्या महिन्यात असते आणि तिथे भेटवस्तू म्हणून दर वर्षी स्टीलचा डबाच का दिला जातो. त्या सभेत डब्याऐवजी पुस्तक द्या म्हणणारा माणूस तोच असू शकतो. एका झटक्यात दोनशे प्रती, आणि त्या वाचल्याही जातील.

‘लेखक फेरीवाल्यासारखे ओरडतात.’

या एका बाबतीत मजकूर लिहिणाऱ्याची चिडचिड मला समजते. दिवसातून चार वेळा तेच मुखपृष्ठ. नव्याण्णव जणांना टॅग. मंचावर नऊ जण बसलेला आणि समोर अकरा जण बसलेला प्रकाशन समारंभ, मग त्याचे चाळीस फोटो. प्रवेशशुल्क भरून मिळालेला ‘राज्यस्तरीय’ पुरस्कार. हे सगळं बंद झालं तर मी पेढे वाटीन. पण याचा दोष विकण्यात नाही. हे लोक विकतच नाहीयेत, ते अभिनंदन गोळा करतायत. त्या पोस्टखाली दोनशे ‘हार्दिक शुभेच्छा’ असतात आणि पुस्तक कुठे मिळेल ते कुठेच लिहिलेलं नसतं.

ज्यांचं पुस्तक जातं ते पुस्तकातलं काहीतरी देतात. एक पान, स्वतःच्या आवाजात वाचलेला दोन मिनिटांचा तुकडा, पुस्तकात न मावलेला फोटो, नकाशा, एखाद्या शब्दावर आलेलं गावाकडचं पत्र. दिवाळी अंकात त्याच विषयावरचा लेख, वर्षभर आधी. शाळा-कॉलेजात फुकट भाषण, पण टेबलावर प्रती ठेवून आणि सुटे पैसे किंवा क्यूआर कोड जवळ ठेवून. एवढंच. यात ओरडणं कुठे आलं?

फेरीवाल्याला नावं ठेवणाऱ्या याच मंडळींना ‘सप्रेम भेट’ चालते, याची मला गंमत वाटते. लेखकाने पदरच्या पैशाने प्रती घ्यायच्या, सही करून साठ मान्यवरांना वाटायच्या, आणि त्यातल्या काही सहीसकट रद्दीच्या दुकानात पुन्हा भेटायच्या. फुकट देणं सभ्य आणि अडीचशे रुपये मागणं असभ्य, हा कुठला न्याय?

‘मराठी माणूस पुस्तक विकत घेत नाही.’

सत्तरच्या दशकात ‘ग्रंथाली’च्या मंडळींनी हे ऐकून घेतलं असतं तर वाचक चळवळ उभीच राहिली नसती. त्यांनी सभासद जमवले, स्वस्तात पुस्तकं दिली, ग्रंथयात्रा काढल्या. १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ त्यांनीच आणलं. आज पुण्यात फर्ग्युसनच्या मैदानावर डिसेंबरात पुस्तक महोत्सव भरतो तेव्हा संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. गर्दीतले सगळेच विकत घेत नाहीत हे मान्य. साडीच्या दुकानातही घेत नाहीत.

खरी अडचण मिळण्याची आहे. तालुक्याच्या गावी पुस्तकाचं दुकान म्हणजे वह्या, गाइड आणि पाठ्यपुस्तकं. तिथल्या वाचकाने ललित पुस्तक घ्यावं कुठून? लेखकाला इथे पुष्कळ करता येतं, आणि ते सगळं बिनआवाजी आहे. प्रकाशकाकडून ४० टक्के सवलतीने प्रती घेतल्या तर तीनशेचं पुस्तक १८० ला पडतं. ते २५० ला घरपोच दिलं तर वाचकाचे पन्नास वाचतात आणि टपाल धरूनही लेखकाला मानधनापेक्षा जास्त उरतात. टपालाची जुनी स्वस्त सोय बंद झाल्यावर मधे काही महिने हाल झाले, पण १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही पुस्तकांसाठीची टपालसेवा सुरू झालीय. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाचशेपर्यंत २५, कर वेगळा. पाकीट कुठे पोहोचलं तेही कळतं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं, एवढी काळजी घ्या. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे तीही भीती नको.

स्वतःच पुस्तक काढत असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन राय संस्थेकडून फुकट मिळतो. त्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर उठून या. पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे.

आणि ग्रंथालयं. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं दहा हजारांच्या वर आहेत. त्यातली बरीचशी शासनाच्या वर्गवारीत खालच्या ‘क’ आणि ‘ड’ वर्गातली, एका खोलीची, पण पुस्तकं घेणारी. ती काय घेतात यात ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य यादीला मोठं वजन असतं. यादीसाठी आदल्या कॅलेंडर वर्षात पहिली आवृत्ती निघालेली पुस्तकं मागवतात, आणि प्रत पाठवायला मुदत असते. आमच्याकडे दर वर्षी एक तरी लेखक फोन करून विचारतो की माझं पुस्तक गावच्या वाचनालयात का नाही. प्रकाशन समारंभाच्या पत्रिकेवर कुणाचं नाव आधी घालायचं यावर त्याने आम्हाला तीन आठवडे फोन केलेले असतात. यादीला प्रत गेली का, हे मात्र मुदत टळून गेल्यावर विचारतो.