धूर कोणाच्या खात्यावर?

३० सप्टेंबर २०२४. ब्रिटनमध्ये त्या एकाच दिवशी दोन भट्ट्या विझल्या. एक रॅटक्लिफ-ऑन-सोरची, म्हणजे कोळशावर चालणारं देशातलं शेवटचं वीजकेंद्र. दुसरी वेल्समध्ये, पोर्ट टालबॉटला, टाटा स्टीलची झोतभट्टी, म्हणजे कोळशाच्या जोरावर खनिजातून लोखंड काढणारी भट्टी. पहिलीचं इथे ब्रिटनमध्ये भरपूर कौतुक झालं. १८८२ साली लंडनमध्ये कोळशाची वीज सुरू झाली, त्याच देशाने ती बंद करून दाखवली. दुसरीमुळे हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. आणि त्याच महिन्यात ओडिशात, कलिंगनगरला, त्याच कंपनीची भारतातली सर्वांत मोठी झोतभट्टी पेटली होती.

कलिंगनगरचा बेत जुनाच. इकडची भट्टी उचलून तिकडे नेली, असं काही नाही. पण उत्सर्जनाचा हिशेब देशाच्या हद्दीपुरता मांडतात. वेल्समधली भट्टी विझली की ब्रिटनचा आकडा उतरतो, आणि पोलाद बाहेरून आणलं तर त्याचा धूर दुसऱ्याच्या वहीत चढतो. १९९० च्या मानाने ब्रिटनचं उत्सर्जन निम्म्यावर आलंय. त्यातली पुष्कळशी कमाई खरी आहे: कोळसा गेला, गॅस आला, मग समुद्रातल्या पवनचक्क्या. आयात मालाचा धूर धरला, तर मात्र घट बरीच आक्रसते.

भारतातल्या मित्रांशी बोलताना हे सांगायची सोय नाही. लगेच ऐकू येतं, "बघ! दीडशे वर्षं यांनी जाळलं आणि आता आपल्याला शिकवतात." खोटं नाही ते. वर्षाला माणशी कार्बन डायऑक्साइड भारतात दोन टनांच्या जरा वर, ब्रिटनमध्ये साडेचारच्या आसपास, अमेरिकेत चौदाच्या. ऑफिसात मीही हे आकडे तोंडावर फेकलेत.

पण ही दोन टनांची सरासरी कोणामुळे इतकी खाली राहते? ज्यांच्या घरात एक पंखा आणि दोन दिवे, त्यांच्यामुळे. एसी लावून वाद घालणारे आम्ही त्यांच्या आडोशाला उभे असतो. चंद्रपूरच्या कोळशावरच्या वीजकेंद्राची राख चंद्रपूरकरांनी झेलायची, वीज मात्र राज्यभर जाणार. वेल्सचं गणित भारतात घरातच चालतं, फक्त त्याला आयात म्हणत नाहीत.

माझंही तसंच. लंडन-मुंबई जाऊन-येऊन माझ्या वाट्याला टनभर तरी धूर येतो, म्हणजे सरासरी भारतीयाचं जवळजवळ अर्धं वर्ष. आंतरराष्ट्रीय विमानांचं इंधन देशांच्या बेरजेत धरत नाहीत, वेगळं नोंदवतात. तेव्हा तो टन ना ब्रिटनच्या आकड्यात, ना भारताच्या. डिसेंबरचं तिकीट काढून झालंय.