सम म्हणजे सक्ती

लाइटनिंगचा नोड चालवणारा माणूस दिवसभर करतो काय, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर ‘लॉग, म्हणजे नोडनं स्वतः लिहिलेली रोजनिशी, वाचतो’ हे आहे. चारचौघांत मात्र आम्ही ‘बिटकॉइनचे व्यवहार क्षणात पार पाडणाऱ्या जागतिक जाळ्यातला एक दुवा सांभाळतो’ असं सांगतो. दुवा खरा आहे. तो सारखा निखळतो, हेही खरं आहे.

दोन नोड एकमेकांशी बोलायला लागले की आधी हँडशेक होतो, म्हणजे पुढचं सगळं बोलणं कूटबद्ध करण्याची तयारी. हा नाटकासारखा तीन अंकांचा असतो. अंक हा शब्द माझा नव्हे, लाइटनिंगच्या नियमावलीतच तसं म्हटलं आहे. पहिला अंक ५० बाइटचा, दुसरा ५० चा, तिसरा ६६ चा. तो बहुधा बिनबोभाट पार पडतो, कारण त्यात कुणाला काय येतं हा प्रश्नच निघत नाही. तो निघतो पडदा पडल्यावर. आता दोघांनीही पहिला संदेश म्हणून ‘इनिट’ पाठवायचा, संदेश क्रमांक १६. त्यात आपल्याला काय काय जमतं याची यादी असते. समोरच्याचा इनिट हाती येईपर्यंत दुसरं अवाक्षर काढायचं नाही.

याला फीचरची वाटाघाट म्हणतात. वाटाघाट म्हटल्यावर माझी अपेक्षा अशी की थोडं तुम्ही सोडा, थोडं आम्ही सोडतो, निदान कुणीतरी थोडा वेळ रुसून बसावं. इथे तसलं काही नाही. दोघंही आपापली यादी एकदाच, आणि समोरच्याची न ऐकताही, वाचून मोकळे होतात. मग एक तर कामाला लागतात, नाही तर उठून जातात. बरं, एकदा जमलं म्हणजे कायमचं जमलं असंही नाही. रात्री इंटरनेट गेलं आणि आलं की पुन्हा तीन अंक, पुन्हा इनिट, पुन्हा तीच यादी पहिल्यांदाच भेटल्यासारखी.

ही यादी बिटांत, म्हणजे ० आणि १ च्या ओळीत असते (१ म्हणजे बिट लावला) आणि तिचा तक्ता त्याच नियमावलीच्या, म्हणजे बोल्टच्या, नवव्या भागात आहे. प्रत्येक फीचरला शेजारशेजारचे दोन बिट दिले आहेत, एक सम आणि एक विषम. विषम बिट लावला तर अर्थ असा, ‘मला हे येतं, तुम्हाला येत नसेल तर राहू द्या.’ सम बिट लावला तर, ‘हे येत नसेल तर आपलं जमायचं नाही.’ अनोळखी विषम बिट दिसला की काणाडोळा करायचा. अनोळखी सम बिट दिसला की कनेक्शन तोडायचं, आणि तोडायचंच. म्हणजे अडून बसतो एक आणि निघून जायचं दुसऱ्यानं. ‘तुमची अट काय आहे ते मला कळलं नाही, पण ती अट आहे एवढं कळलं, तेव्हा येतो मी.’ इतकं प्रांजळ अज्ञान माणसांत क्वचित पाहायला मिळतं.

एकाच जोडीतले दोन्ही बिट लावायला बंदी आहे. तरीही कुणी लावलेच, तर घेणाऱ्यानं ती सक्ती समजावी. ‘नसलं तरी चालेल, पण पाहिजेच’ असं म्हणणाऱ्याच्या मनात नेमकं काय आहे, याचा इतका स्वच्छ निकाल मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

लॉगमध्ये ही यादी हेक्स आकड्यांत उमटते, म्हणजे चार-चार बिटांचा मिळून एक आकडा किंवा अक्षर, आणि बिट मोजायचे उजवीकडून, शून्यापासून. त्यामुळे मी पडद्यावर बोट ठेवून उलटा वाचत बसतो. सवयीनं एक खूण सापडली. हेक्समधला ‘ए’ म्हणजे १०१०, दोन्ही बिट विषम. ‘५’ म्हणजे ०१०१, दोन्ही सम. ‘२एएए’ अशी यादी दिसली की जीव भांड्यात पडतो, १ पासून १३ पर्यंत सगळे विषम, कशालाही ना नाही. ५ चे आकडे दिसायला लागले की मी सावरून बसतो.

तर माझा एक जुना पीअर, म्हणजे माझ्या नोडला जोडलेला दुसऱ्याचा नोड, होता. आमचं चॅनल, म्हणजे दोघांनी मिळून उघडलेलं देवघेवीचं खातं, बरीच वर्षं छान चाललं होतं. मग माझ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि तिनं बिट १३ चा १२ केला. ही जोडी ‘स्टॅटिक रिमोट की’ची. नोडचा डेटा गेला आणि समोरच्यानं चॅनल बंद केलं, तर आपला वाटा एका ठरलेल्या किल्लीवर येऊन पडतो, शोधाशोध करावी लागत नाही. सोय चांगलीच आहे, पण कालपर्यंत ‘असली तर बरी’ होती ती आज ‘नसेल तर चालते व्हा’ झाली. समोरच्या नोडनं १२ पाहिला, नियमाप्रमाणे कनेक्शन तोडलं. माझ्या नोडनं पुन्हा जोडलं. त्यानं पुन्हा तोडलं. लॉग भरत गेला.

पैसे दोघांचेही चॅनलमध्ये सुखरूप होते, फक्त हलत नव्हते. सामोपचारानं चॅनल बंद करावं म्हटलं तर त्यासाठी शटडाऊन संदेश पाठवावा लागतो, आणि तो इनिट जुळल्यानंतर! म्हणजे आमचं जमत नाही हे मान्य करायलाही आधी जमायला हवं. उरला मार्ग एकतर्फी बंद करण्याचा. त्यात ब्लॉकचेनचं, म्हणजे बिटकॉइनच्या मूळ खातेवहीचं, शुल्क भरा आणि स्वतःच्याच पैशांसाठी ठरलेले ब्लॉक, म्हणजे त्या वहीची नवी पानं, मोजत बसा. १४४ ब्लॉक म्हणजे सुमारे एक दिवस, पण मुदत चॅनल उघडताना ठरते आणि ती बरीच लांबही असू शकते.

त्यापेक्षा मालकाला गाठू म्हटलं. नोडच्या जाहीरनाम्यात ३२ बाइटचं टोपणनाव असतं, ३ बाइटचा आवडता रंग असतो, मालकाशी संपर्काची सोय नसते. खाजगीपणासाठी हे योग्यच आहे, मान्य. पण मग रंग कशाला? समोरचा माणूस जांभळा आहे हे कळून मी काय करणार होतो?

पुष्कळ शोधाशोधीनंतर गृहस्थ सापडले.

“तुमचा नोड माझ्याशी बोलत नाहीये.”

“माझ्या नोडला काही झालेलं नाही. सुरू केल्यापासून मी त्याला हातसुद्धा लावलेला नाही.”

“तेच म्हणतोय मी.”

“काल-परवापर्यंत बोलत होता ना? म्हणजे तुम्हीच काहीतरी नवीन केलंत.”

“एक बिट सम झाला, एवढंच.”

“अट तुमची आणि अपग्रेड मी करायचं?”

“पण कनेक्शन तोडतोय तुमचा नोड!”

“नियमानं तोडतोय ना? मग तक्रार कसली?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियमावलीत शोधलं, तिथेही नव्हतं.

शेवटी त्यांनी अपग्रेड केलं. माझी विनंती मान्य झाली म्हणून नव्हे, इतरही पीअर तोडले जायला लागले म्हणून. त्यांची नवी यादी आली तेव्हा ती माझ्यापेक्षा लांब होती, माझ्या नोडनं कधी न ऐकलेल्या फीचरांसकट. सगळी विषम, त्यामुळे त्यानं निमूट काणाडोळा केला आणि चॅनल सुरू झालं.

मग मी तपासायला गेलो, तर त्या चॅनलला स्टॅटिक रिमोट की नव्हतीच. चॅनलचा प्रकार ते उघडताना ठरतो, नुसत्या अपग्रेडनं बदलत नाही. ज्या सोयीवरून एवढं रामायण झालं, ती सोय याच चॅनलला मिळणार नव्हती. मी पुन्हा त्यांना लिहिलं, “आता दोघांनाही १२ चालतोय, तर चॅनल सामोपचारानं बंद करून नव्यानं उघडू या का?”

उत्तर लगेच आलं. “चालतंय ना आता? मग हात लावू नका.”