जड क्लच, 'कापलेला' ब्रेक आणि तेवीस दिवस: एक स्टार देणाऱ्या साहेबांना उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्रीच वाचला. लगेच लिहिलं नाही, कारण आधी तुमच्या गाडीचं जॉबकार्ड काढलं आणि ज्या पोरानं काम केलं त्याला समोर बसवलं. तुमचं म्हणणं असं, की ऑटोमॅटिकची मॅन्युअल करून घेतल्यापासून क्लच दगडासारखा जड लागतो, ब्रेकचं पॅडल आम्ही 'कापून अर्धं केलं' म्हणून ब्रेक कमी लागतो, गाडी मधूनच स्टार्ट होत नाही आणि बारा दिवसांच्या कामाला तेवीस दिवस लागले. वर 'पत्र्याला भोक पाडून ठेवलं' हेही आहेच.

क्लचचं आधी बोलतो, कारण तिथं चूक आमची आहे. पॅडलचा सेट तुमच्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीचा, भंगारातून आणलेला. त्याच्यासोबत आलेला मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडल दाबलं की क्लचकडे तेल ढकलणारी नळी, आधीच्या मालकानं कधीतरी बदलला होता आणि भलताच बसवला होता. तुमच्या गाडीला ५/८ इंची बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, लागतो. कामाचे फोटो आम्ही ठेवतो, त्यातला एक मोठा करून पाहिला तर सिलिंडरच्या अंगावर मळातून ३/४ चा आकडा दिसतो. बसवताना त्यावर कुणी चिंधी फिरवली असती तर तेव्हाच कळलं असतं. फरक म्हणाल तर इंचाचा आठवा भाग, पण तेलाचा दाब क्षेत्रफळावर ठरतो. हिशोब केला तर पायाला १.४४ पट, म्हणजे जवळपास दीडपट जोर लागतो. आणि पॅडल जरा दाबलं की क्लच सुटून जातो, म्हणून हाफ क्लच सापडत नाही नि गाडी उचलताना झटका देते. अजनी चौकातल्या सिग्नलला पोटरी भरून येते, असं तुम्ही लिहिलंय. येणारच नं जी. आमचा पोरगा ट्रायलला रिकाम्या रस्त्यावर चार गिअर टाकून परत आला, त्याला काय कळणार?

ब्रेकबद्दल मात्र मी मानणार नाही. ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय रिकामा असतो, म्हणून कंपनी ब्रेकचं पॅडल रुंद देते आणि ते डावीकडे सरकलेलं असतं. तीन पॅडलच्या गाडीत तीच जागा क्लचच्या पायाची. रुंद पॅडल तसंच ठेवलं असतं तर घाईत क्लच दाबताना बुटाची कड ब्रेकवर बसली असती आणि गाडी भर रस्त्यात जागच्या जागी उभी! म्हणून सेटमधलं अरुंद पॅडल बसवलंय, कापलेलं काही नाही. पॅडल रुंद असो की अरुंद, ब्रेकच्या जोराशी त्याचा संबंध नाही. जोर येतो लिव्हरच्या, म्हणजे पॅडलच्या दांड्याच्या, लांबीतून आणि पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधून. बूस्टर तुमचाच आहे, लिव्हर कंपनीची. तुम्हाला कमी वाटतो तो सवयीचा भाग असेल, तरी गाडी आली की लायनर आणि तेल बघूनच देतो.

सुरुवातीला तुम्हीच म्हणाला होता, 'आहे तेच पॅडल कापा, शेजारी क्लचचं वेल्डिंग करून लटकवा, चार पैसे वाचतील.' मी नाही म्हणालो. घाबरून ब्रेक मारताना माणूस अख्खं वजन त्या पट्टीवर टाकतो. तिथं माझ्या पोराच्या वेल्डिंगवर तुमचा जीव ठेवायची माझी तयारी नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ गाडीतल्या फेरफाराबद्दल कडक आहे, म्हणून दुसऱ्या मॉडेलच्या गाडीचं काही बसवत नाही. आरटीओ आणि विमा कंपनीचं बिलावरच लिहून दिलंय, ते तेवढं बघून घ्या.

गाडी स्टार्ट होत नाही ते क्लच न दाबल्यामुळे. पूर्वी ती फक्त पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) वर चालू व्हायची. स्टार्टरची ती वायर नुसती जोडून टाकली असती तर गिअरमध्ये चावी फिरवताच गाडीनं पुढची भिंत गाठली असती. म्हणून ती क्लचच्या स्विचमधून घेतलीय. चावी देताना हे मी सांगितलं होतं, पण तुमचे वडील गाडी चालवतात हे मला कुठं ठाऊक होतं. आणि ते भोक क्लचचा सिलिंडर बसायला लागतंच. कंपनीच्या पत्र्यावर त्या जागी खूण दाबलेलीच असते. मागून जाड पट्टी दिलीय, कारण नुसता पत्रा क्लच दाबला की लवतो आणि गिअर कुरकुरतात. कडेला प्रायमर मारलाय, गंजणार नाही.

तेवीस दिवस लागले, खरं आहे. पॅडलचा पहिला सेट वाकलेला निघाला, तो परत केला आणि दुसरा मिळायला वेळ गेला. तुम्ही फोन करत राहिलात आणि आम्ही 'उद्या' म्हणत राहिलो, हे चुकलंच.

आता असं करा. सोमवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी दहाला हिंगणा रोडला गाडी आणा. नवीन ५/८ चा सिलिंडर मागवून ठेवलाय. बसवून, लाइनमधली हवा काढून, फ्री प्ले (पॅडलची सुरुवातीची मोकळी चाल) जुळवून संध्याकाळी गाडी मिळेल, पैसे घेणार नाही. ट्रायल या वेळी तुम्ही घ्यायची, मी शेजारी बसतो, अजनी चौकातूनच जाऊ. निघायच्या आधी डिकीत स्टेपनीखाली बघा. गोणपाटात गुंडाळून तुमचं जुनं रुंद ब्रेक पॅडल ठेवलंय, अख्खं आहे, कुठंही कापलेलं नाही. ते फेकू नका.