एकोणीसशे डॉलरचे चार शॉकअप

परवा डीलरचा निरोप आला. माझा नंबर लागलाय, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ऑर्डर पक्की करून द्या, त्यानंतर ती बोलिंग ग्रीनच्या फॅक्टरीकडे जाईल आणि एकदा ३००० हे स्टेटस पडलं की काहीही बदलता येणार नाही. गाडी शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंगरे. सोळा वर्षं मिशिगनमध्ये राहतोय आणि पहिल्या उन्हाळ्यात डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर पहिली कॉर्व्हेट पाहिली तेव्हापासून ही गाडी डोक्यात आहे. रंग ठरला, सीट ठरल्या, नको असलेल्या दहा गोष्टी खोडून झाल्या. एका ओळीपाशी मात्र दोन महिने अडलो होतो: मॅग्नेटिक राइड कंट्रोल, म्हणजे विजेने कडक-मऊ होणारे शॉकअप, किंमत १९०० डॉलरच्या आसपास.

मी ते घेतोय. आणि झेड-५१ हे पॅकेज घेत नाहीये. हे ऐकून ओळखीतल्या तिघांनी मला वेड्यात काढलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. पुढच्या वर्षी आपल्यापैकी आणखी कुणीतरी याच ओळीपाशी अडणार, याची मला खात्री आहे.

आधी झेड-५१ बद्दल, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. मोठे ब्रेक, जादा कूलिंग, इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल, उन्हाळी टायर, परफॉर्मन्स एक्झॉस्ट, कडक स्प्रिंगा. वस्तू एकेक चांगली आहे, पॅकेजला नावं ठेवायला जागा नाही. पण ते ट्रॅकसाठी आहे. साउथ हेवनच्या जिंजरमॅन ट्रॅकवर मी आयुष्यात एकदा गेलोय, तेही मित्राच्या गाडीत शेजारी बसून. दरवर्षी चार वेळा ट्रॅकवर जाणाऱ्याने डोळे मिटून झेड-५१ घ्यावं आणि त्याच्या जोडीला मॅग्नेटिक राइडही घ्यावं. मी जाणार नाही हे मला माहीत आहे. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे झेड-५१ असलेली गाडी ताशी ० ते ६० मैलांचा वेग २.९ सेकंदांत गाठते आणि नसलेली ३ सेकंदांत. त्या एक दशांश सेकंदासाठी काही हजार डॉलर मोजायचे आणि वर एप्रिलमधल्या वुडवर्डवर कडक स्प्रिंगांवर बसायचं, हे मला मान्य नाही.

एप्रिलमधला वुडवर्ड ज्यांनी अनुभवलाय त्यांना समजावून सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. इथे हिवाळाभर पाणी रस्त्याच्या भेगांत शिरतं, गोठतं, गोठताना फुगतं, पुन्हा वितळतं, पुन्हा गोठतं. मार्च उजाडेपर्यंत रस्ता आतून पोकळ झालेला असतो आणि एक ट्रक गेला की ढलपाच निघतो. डेट्रॉइटमध्ये याच वुडवर्डच्या एका मैलावर १९०९ मध्ये काँक्रीट घातलं होतं आणि तो रस्ता पाहायला लांबून लोक यायचे. आज त्याच रस्त्यावर आम्ही लेन सांभाळण्याऐवजी खड्डे सांभाळत चालवतो. २०१८ ची गव्हर्नरची निवडणूक इथे रस्ते दुरुस्त करण्याच्या घोषणेवर लढवली आणि जिंकली गेली, यावरून काय ते समजा.

बाबा-आई यंदा एप्रिलमध्येच आले. बाबांचं वय ७२. एसटीत मेकॅनिक होते, आधी डेपोत आणि मग बरीच वर्षं दापोडीच्या वर्कशॉपला. त्यांच्या हातून किती कमानपाटे (बसच्या चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) उतरले आणि चढले याचा हिशेब त्यांनाही नाही. त्या कामाने कंबर गेली ती गेलीच. मणक्याचा त्रास आहे, अर्ध्या तासाच्यावर कुठल्याही गाडीत बसले की पाय मुंग्यांनी भरतो.

मागच्या खेपेला एका मित्राच्या गॅरेजमध्ये त्याची जुनी कॉर्व्हेट, सी-६ म्हणजे सहाव्या पिढीची, स्टँडवर उचललेली होती. बाबा वाकून खाली बघत होते आणि एकदम म्हणाले, "अरे, हिला पाटा आहे!" खरंच आहे. बसला असतो तसा लांबीत बसवलेला नाही, तर आडवा, या चाकापासून त्या चाकापर्यंत, आणि एकच. बाबांनी त्यावर बोट फिरवलं, नखाने टकटक केलं आणि माझ्याकडे पाहिलं. आवाज लोखंडाचा नव्हता. तो फायबरग्लासचा असतो. बाबांना जे पाटे माहीत ते एकावर एक रचलेले, मधे सेंटर बोल्ट, वर यू क्लॅम्प, घाम काढणारे. इतक्या महागड्या गाडीला आपल्याच हातातली वस्तू, पण हलकी आणि एकटी, हे त्यांना इतकं आवडलं की रात्री जेवतानाही तोच विषय. सी-८ मध्ये, म्हणजे मी घेतोय त्या आठव्या पिढीत, इंजिन मागे गेलं आणि तो पाटाही गेला. आता चारही चाकांना कॉइल स्प्रिंगा आहेत. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना जरा वाईटच वाटलं.

तर मुद्दा शॉकअपचा. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते, पण एकदा दबली की ती वर-खाली होत राहते. तिला आवरायचं काम शॉकअपचं. साध्या शॉकअपमध्ये तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून जातं आणि ते किती अडेल हे फॅक्टरीतच ठरलेलं असतं. इथेच सगळी अडचण आहे. वळणावर गाडी कलते तेव्हा शॉकअपचा दांडा सावकाश सरकतो आणि तिथे तो कडक हवा असतो. खड्ड्याची कड लागते तेव्हा दांडा झटक्यात सरकतो आणि तिथे तो मऊ हवा असतो. झडपा बसवणारा इंजिनिअर या दोन्हींच्या मधे कुठेतरी तडजोड करतो. स्पोर्ट्स कारमध्ये ती तडजोड बहुधा वळणाच्या बाजूने होते आणि किंमत मोजते आपली कंबर.

मॅग्नेटिक राइडमध्ये तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि पिस्टनमध्ये तारेचं वेटोळं असतं. वीज नसेल तर तेल पातळ. वीज सोडली की कण चुंबकाच्या ओढीने रांगेत उभे राहतात आणि तेल तिथल्या तिथे दाट होतं. पिठलं घट्ट होतं तसं, फक्त काही हजारांश सेकंदांत, आणि वीज काढली की पुन्हा पातळ. मूळ कल्पना १९४० च्या दशकातली, अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या जेकब रॅबिनोव्ह यांची. गाडीत ते पहिल्यांदा आलं २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये आणि पुढच्याच वर्षी कॉर्व्हेटमध्ये. नंतर फेरारीनेही घेतलं. म्हणजे वीस वर्षांहून जुनी, रस्त्यावर घासून निघालेली गोष्ट आहे.

कॉर्व्हेटला तर हा धडा चांगलाच महागात पडलेला आहे. १९८४ मध्ये झेड-५१ पहिल्यांदा आलं तेव्हा गाडी वळणावर अफाट चालायची, पण साध्या रस्त्यावर इतकी आपटायची की लोकांनी आणि मासिकांनी बोंब मारली. १९८५ मध्ये शेव्हरोलेला स्प्रिंगा मऊ कराव्या लागल्या. १९८९ मध्ये बटणाने बदलणारे शॉकअप ऑप्शन म्हणून आले. मॅग्नेटिक राइड हे त्याच वाटेवरचं पुढचं गाव. हा इतिहास माहीत असलेला माणूस त्या ओळीकडे चैन म्हणून बघू शकत नाही.

वाचून ठरवायचं नव्हतं, म्हणून दोन गाड्या चालवल्या. डीलरकडची डेमो गाडी झेड-५१, साध्या शॉकअपची. बाबा शेजारी. रेल्वे फाटक ओलांडताना त्यांनी डावा हात सीटखाली दाबला आणि श्वास धरला. काही बोलले नाहीत. बाबा बोलत नाहीत तेव्हाच मला कळतं. काँक्रीटच्या सांध्यांवरून जाताना टडक, टडक, टडक, आणि दर टडकीला त्यांची मान पुढे. पंधरा मिनिटांनी मीच गाडी परत वळवली.

दुसरी गाडी ओळखीतल्या एका गृहस्थांची. झेड-५१ नाही, मॅग्नेटिक राइड आहे. माझ्यासारखीच ऑर्डर. (२०२० मध्ये हे ऑप्शन झेड-५१ बरोबरच घ्यावं लागायचं, २०२१ पासून वेगळं मिळू लागलं.) आता दोन गाड्यांच्या स्प्रिंगाही वेगळ्या, टायरही वेगळे, तेव्हा सगळा फरक शॉकअपचाच असं मी म्हणणार नाही. म्हणून एक केलं. तेच फाटक, तीच गाडी, तोच वेग, ताशी ३० मैल. एकदा ट्रॅक मोडमध्ये, म्हणजे शॉकअप कडक, आणि एकदा टूर मोडमध्ये, म्हणजे मऊ. स्प्रिंगा त्याच, टायर तेच, बदलली फक्त तेलातली वीज. ट्रॅक मोडमध्ये चारही रूळ वेगवेगळे मोजता आले. टूर मोडमध्ये दोन गोल ठोके बसले आणि लगेच गाडी शांत. मागून डोलणं नाही की दुसरी उडी नाही. बाबांनी मला आणखी एकदा न्यायला सांगितलं. तिसऱ्या वेळी डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "खड्डा कळला पाहिजे, पण लागता कामा नये. हे बरोबर आहे."

काहींना वाटेल, एवढा खर्च आणि निर्णय बाबांच्या पाठीवरून? मला त्यात काहीही गैर वाटत नाही. मॉरिस ऑली नावाचे इंजिनिअर रोल्स-रॉइस सोडून १९३० मध्ये कॅडिलॅकमध्ये आले. गाडीची चाल कशी असावी यावर त्यांच्याइतकं मूलभूत काम क्वचितच कुणी केलं असेल. त्यांनी एक चाचणीची गाडी बनवली, तिच्यावरची वजनं पुढे-मागे सरकवून गाडीचं डोलणं बदलता यायचं. मोजणार कशाने? तशी उपकरणं तेव्हा नव्हती. माणसं आत बसायची, फिरून यायची आणि कसं वाटलं ते सांगायची. त्यातून निघालेले नियम आजही शिकवले जातात. आणि १९५३ च्या पहिल्या कॉर्व्हेटची चासीही याच ऑलींनी आखली. मी स्वतः अकरा वर्षं ब्रेकच्या चाचण्या करतोय, रोज सेन्सरचे आलेख बघतो, आणि तरीही शेवटची सही बसून बघणाऱ्याचीच असते.

आता माझी खरी भीती. आधीच्या गाडीला, ती साधी सेडान होती, बटणावर बदलणारे शॉकअप होते. सातव्या वर्षी मागचा डावा गळायला लागला. वॉरंटी कधीच संपलेली. दोन्ही एकदम बदला म्हणाले आणि बिल आलं २३०० डॉलर. त्या दिवशी ठरवलं होतं की पुन्हा असलं काही घ्यायचं नाही. दोन महिने मी अडलो ते यामुळेच. कॉर्व्हेटची साधी वॉरंटी ३ वर्षं किंवा ३६,००० मैल. मी ही गाडी पंधरा वर्षं ठेवणार आहे. म्हणजे एकदा तरी चारही शॉकअप खिशातून बदलावे लागणार, हे धरूनच चाललो आहे.

बाबांशी यावर बोललो. ते म्हणाले, साधा काय गळत नाही? तोही गळतो. मी म्हटलं, हो, पण तो स्वस्त असतो. त्यावर त्यांनी विचारलं, "नंतर बसवता येईल का?" हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. टायर नंतर बदलता येतात. रिमा, एक्झॉस्ट, ब्रेक पॅड, सगळं नंतर करता येतं. मॅग्नेटिक राइडला मात्र वायरिंग लागतं, प्रत्येक चाकापाशी सेन्सर लागतो, वेगळा कंट्रोलर लागतो. फॅक्टरीतून आलं तर आलं. म्हणून मी रंगीत सीटबेल्ट, इंजिनच्या कप्प्यातली लायटिंग आणि महाग रिमा खोडल्या आणि ते पैसे इकडे लावले. रिमांचं तर बरंच झालं, कारण शॉकअप कितीही हुशार असला तरी रिम वाचवत नाही. खोल खड्ड्यात बारीक टायर गेला की रिम वाकणार ती वाकणारच, तिथे हळू चालवणं हाच इलाज.

बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात त्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेर, गाडी गॅरेजबाहेर काढणार नाही. त्यातून शॉकअपचं आयुष्य थोडं तरी वाढेल अशी आशा आहे.

आणि एक विनंती. तुमच्यापैकी कुणाकडे मॅग्नेटिक राइडची गाडी सहा-सात वर्षांहून जुनी असेल, कॉर्व्हेट, कॅडिलॅक, मस्टँग, कुठलीही, तर खाली लिहा: किती मैल झाले, गळती झाली का, पुढचे गेले की मागचे, आणि बदलताना एकेक बदलले की जोडीने. शिकागो, क्लीव्हलंड, टोरांटोकडच्या लोकांनी जरूर लिहा, तुमचंही मीठ आमच्यासारखंच. बाबा ऑक्टोबरपर्यंत इथे आहेत. गाडी त्याआधी आली तर पहिली चक्कर त्याच रेल्वे फाटकावर.