भावी व्हायचंय? आधी चौक धरा

घराण्यात कोणी आमदार नाही, कारखाना नाही, साधी पतपेढीही नाही म्हणून खचून जाऊ नका. वाढदिवस तर आहे ना? झालं तर मग. तालुक्याच्या गावात नेता व्हायला तेवढं भांडवल पुरतं.

पहिलं काम वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी चौक धरायचं. एसटी स्टँडसमोरचा सर्वांत उत्तम, पण तिथे आधीच दोन साहेब, एक अकरावी-बारावी क्लासवाले आणि एक साड्यांचा भव्य सेल लटकलेला असतो. डगमगू नका. वळणावर, जिथून समोरून येणारी गाडी दिसणं गरजेचं असतं, नेमकी तीच जागा रिकामी असते. सिग्नल झाकला गेला तरी मनाला लावून घेऊ नका. तो तसाही बंदच असतो.

मजकुराची काळजी फ्लेक्सवाल्यावर सोडा. ‘कार्यसम्राट’, ‘धडाकेबाज’, ‘लाखो तरुणांच्या गळ्यातील ताईत’ असं सगळं त्याच्या कम्प्युटरवर तयार असतं, नाव तेवढं बदलायचं. गावची वस्ती चाळीस हजारांची असली म्हणून ‘लाखो’ला कचरू नका. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल, मागे वाघ. खरी कसोटी वरच्या पट्टीत लागते. कोणत्या साहेबांचं डोकं किती मोठं, कोण डावीकडे, कोण उजवीकडे. कोणते साहेब सध्या कोणत्या पक्षात आहेत, हे छपाईच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा विचारून घ्या. खाली शुभेच्छुक पोरांचे फोटो दाटीवाटीने बसवा. त्यातला एखादा राहिला, तर पुढच्या आठवड्यात तो विरोधकांच्या फ्लेक्सवर सापडतो.

आणि ‘भावी नगरसेवक’ लिहायला लाजू नका. २०२२ मध्ये मुदत संपलेल्या कित्येक पालिकांना निवडणुकीसाठी तीन वर्षांहून अधिक थांबावं लागलं. एवढा काळ भावी म्हणून मिरवल्यावर निवडून येणाऱ्यांना जरा चुकल्यासारखंच वाटलं असणार.

परवानगी म्हणता? मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्धचा १९९५ चा कायदा आहे खरा. तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कैदेचं सोडा. दोन हजारांत हल्ली बांबू-पट्ट्यांसकट धड फ्लेक्सही होत नाही, म्हणजे दंड हाच यातला सर्वांत किरकोळ खर्च. बेकायदा फलक उतरवा, असं उच्च न्यायालयानेही वेळोवेळी बजावलंय. त्यानुसार पालिकेची गाडी येते, क्लासवाल्यांचे बोर्ड उचलते आणि तुमच्याकडे वाढदिवस उलटल्यावर वळते. उतरवायची मजुरी वाचली.

जम बसला की बांबू सोडा, लोखंडी सांगाड्यावर या. आकाराचं बंधन मानू नका. घाटकोपरला नियमात चाळीस बाय चाळीस फुटांचं होर्डिंग बसत होतं, उभं राहिलं १२० बाय १२०, आणि त्याची विक्रमांच्या पुस्तकात नोंदही झाली. १३ मे २०२४ च्या वादळात ते पेट्रोल पंपावर कोसळलं, सतरा जण गेले. त्याआधीच्या वर्षी एप्रिलमध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये किवळ्यात वळवाच्या पावसात आडोशाला थांबलेल्यांवर असाच एक अनधिकृत सांगाडा पडला. पाच जण गेले. तुम्ही घाबरू नका. फलकावर तुम्ही असता, खाली लोक असतात.

फक्त गॉगल काढून, हात जोडलेला एक फोटो आजच काढून ठेवा. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चं डिझाईन फ्लेक्सवाल्याकडे तयारच असतं.